बाइकला काच लावली, तरी डोके का हलते?

शहाडचा रेल्वेवरचा पूल उतरून गाडी मुरबाडच्या दिशेला लागली की पहिली दहा मिनिटे वाऱ्याचा विचार करायला सवडच नसते. रिक्षा, टेम्पो, सेंच्युरी रेयॉनसमोरची वर्दळ, म्हारळची कोंडी. वरप, कांबा मागे पडले, रायत्याच्या पुलावरून उल्हास नदी ओलांडली, की रस्ता जरा मोकळा होतो. काटा साठ-सत्तरकडे सरकतो आणि वारा अंगावर यायला लागतो. गोवेली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे असे करत माळशेज घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत मान आखडलेली असते, कानात घूं घूं चालू असते आणि मागे बसलेल्या बाईमाणसाची तर बोलायचीही इच्छा उरलेली नसते.

आमच्या शहाड-कल्याण-भिवंडीकडच्या कितीतरी घरांचे नातेवाईक घाटावर आहेत. ओतूर, आळेफाटा, जुन्नर. बासी ईदेला, लग्नाला, कोणाच्या आजारपणाला जायचे म्हटले की एसटीची वाट पाहण्यापेक्षा बाइकच बरी वाटते. फज्रची नमाज झाली की निघायचे, ऊन चढायच्या आत घाट पार करायचा. अशा प्रवासात वाऱ्याने दमून गेलेला माणूस बाइकला काच लावायचा विचार करतोच. मग काच लागते, छातीवरचा वारा खरोखर थांबतो, आणि दुसरेच काहीतरी सुरू होते. हेल्मेट डावी-उजवीकडे थडथडायला लागते. आधी नुसता दाब होता, आता कोणी टपल्या मारतोय असे वाटते. दुकानदार म्हणतो, ‘आणखी मोठी लावा.’ मोठी लावली की कधी थडथड कमी होते, कधी दुप्पट होते. असे का, आणि त्यावर घरच्या घरी काय करता येते, ते या लेखात पाहू.

आधी नुसत्या वाऱ्याचे गणित. हवा हलकी असते असे आपण म्हणतो, पण वेग वाढला की तिचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. हवा स्थिर आहे असे धरले तर ताशी ६० किलोमीटरला समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १७ किलो वजनाइतका दाब येतो. ८० ला तो ३० किलो होतो, १०० ला ४७. सरळ बसलेल्या माणसाची छाती, खांदे, दंड आणि डोके मिळून समोरून अर्धा चौरस मीटर जागा धरली, तर ६० च्या वेगाला आठ-नऊ किलो, ८० ला पंधरा आणि १०० ला तेवीस-चोवीस किलोचे ओझे कोणीतरी छातीवर टेकवून धरले आहे असे समजा. म्हणजे ६० वरून ८० वर गेल्यावर वेग एक तृतीयांशाने वाढला, पण ओझे जवळजवळ दुप्पट झाले. त्यात समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर ६० ने चालवणाऱ्याच्या अंगाला ८० चाच वारा लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर मुरबाडकडून परत येताना ‘गाडी ओढत नाही’ असे जे वाटते, त्यात पुष्कळदा इंजिनाचा दोष नसतो.

हे ओझे एकसारखे असेल तर शरीर सोसून घेते. मनगटावर थोडा ताण येतो, पण माणूस त्या दाबावर रेलून बसायला शिकतो. त्रास होतो तो सेकंदासेकंदाला बदलणाऱ्या दाबाचा. हेल्मेटचे वजन सव्वा ते दीड किलो. ते वजन सेकंदातून कैक वेळा इकडून तिकडे हलवले जाते आणि दर वेळी मानेचे स्नायू त्याला जागेवर आणतात. तासाभराने मान दुखणार नाही तर काय होईल? नजरही हलते. लांबचा खड्डा किंवा रस्त्यावर सांडलेली खडी वेळेवर दिसत नाही. आवाज हा आणखी वेगळा भाग. साठ-सत्तरच्या वेगातही हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज नव्वद डेसिबलच्या घरात जातो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालेल, आणि पुढे दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा करावा, असे कामगारांच्या आरोग्याचे शास्त्र सांगते. त्या हिशेबाने लांबचा प्रवास म्हणजे कानांची परीक्षाच.

आता काचेचे पाहू. रायत्याच्या पुलावर पावसाळा ओसरल्यावर जरा थांबून खाली पाहा. नदीचे पाणी पुलाच्या खांबाला आपटते, दोन्ही बाजूंनी वळते, आणि खांबाच्या मागे नुसते भोवरे असतात. एक डावीकडे सुटतो, मग एक उजवीकडे. खांबाने पाणी अडवले खरे, पण मागचे पाणी शांत झाले नाही, उलट घुसळले गेले. थिओडोर फॉन कारमान या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भोवऱ्यांच्या रांगेचे गणित मांडले, म्हणून त्यांना कारमान भोवरे म्हणतात. तुमच्या बाइकची काच हाच तो खांब. चाळीस सेंटिमीटर रुंदीचा अडथळा ८० च्या वेगाने हवेतून गेला तर त्यामागे सेकंदाला साधारण दहा-बारा भोवरे सुटतात. हेल्मेटला बसणाऱ्या टपल्यांचा ताल त्याच्या जवळपासचाच असतो.

एवढ्यावर थांबत नाही. काचेवरून हवा वर उडते, तेव्हा काचेच्या मागे, मीटर आणि तुमची छाती यांच्यामध्ये, दाब कमी झालेली जागा तयार होते. ती भरून काढायला वरून, बाजूंनी आणि चिमट्यामधून हवा आत घुसते. काही चालकांना काच लावल्यावर पाठीमागून कोणी पुढे ढकलतोय असे वाटते, ते यामुळेच.

म्हणून काचेमागे तीन थर असतात असे समजायला हरकत नाही. काचेच्या अगदी आडोशाला बऱ्यापैकी शांत हवा. सगळ्यात वर, काचेने उडवलेली, जोराची पण सरळ वाहणारी साफ हवा. आणि या दोहोंच्या मधे घुसळणीचा पट्टा. हा पट्टा काचेच्या वरच्या कडेपाशी बोटभर असतो आणि मागे जाता जाता रुंद होतो. डोके पूर्णपणे साफ हवेत असेल तर आवाज येतो पण टपल्या बसत नाहीत. डोके पूर्णपणे आडोशाला असेल तरीही आराम. डोके नेमके पट्ट्यात आले की हाल. काचेचे सगळे काम एवढेच, की हा पट्टा डोक्यावरून हटवून खांद्यावर तरी आणायचा, नाहीतर हेल्मेटच्या वरून तरी न्यायचा. वारा थांबवणे तिच्या हातात नाही.

एकाच घरातले दोन भाऊ तीच पल्सर चालवतात आणि एक म्हणतो काच झकास आहे, दुसरा म्हणतो काढून टाका, याचे कारण हेच. एकाची उंची पाच फूट चार इंच, दुसऱ्याची पाच फूट अकरा. काच तीच, पट्टा तिथेच, डोकी मात्र वेगळ्या मजल्यावर! त्यामुळे ‘अमुक कंपनीची काच चांगली का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. कोणत्या गाडीवर, कोणत्या उंचीच्या माणसासाठी, हे आधी विचारायला हवे.

खर्च करण्याआधी एक फुकटची चाचणी करून घ्यावी. गोवेलीच्या पुढे सकाळच्या वेळी, रस्ता सरळ आणि रिकामा पाहून, मागे कोणी नाही याची खात्री करून ६० चा वेग एकसारखा धरा. दोन्ही हात हँडलवरच ठेवा. आधी पायावर जोर देऊन सीटवरून चार बोटे वर उठा. थडथड थांबली? मग तुमचे डोके पट्ट्याच्या वरच्या भागात आहे आणि काच कमी उंचीची हवी. आता उलट करा, कंबरेतून थोडे वाकून डोके चार बोटे खाली आणा. तिथे शांत झाले तर काच तेवढी उंच हवी, किंवा तिच्यावर एक पट्टी जोडायला हवी. दोन्हीकडे फरक पडला नाही तर हवा वरून येत नसून बाजूने किंवा खालून येते आहे. आमच्या मते या पाच मिनिटांत जे कळते ते दुकानात तासभर उभे राहून कळत नाही.

याहून बारीक पाहायचे असेल तर स्वेटरची लोकर घ्या. सहा-सहा इंचांचे तुकडे कापून काचेच्या वरच्या कडेला, बाजूंना आणि हेल्मेटच्या दोन्ही कानांवर चिकटपट्टीने लावा. विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते हे पाहायला अभियंते असेच धागे चिकटवत आले आहेत. हँडलवरच्या पक्क्या होल्डरमध्ये मोबाइल चालकाकडे तोंड करून बसवा, रेकॉर्डिंग उभ्या गाडीवर चालू करा आणि घरी येऊन पाहा. धागा सरळ मागे पडलेला असेल तिथे हवा सुरळीत आहे. धागा गरगर फिरतोय किंवा उलटा पुढे येतोय तिथे भोवरा आहे. घरातली मुले हा प्रयोग आनंदाने करतात, शाळेतल्या विज्ञानाच्या वहीत जमा होण्यासारखा आहे.

आता दुरुस्ती. क्रमाने सांगतो असे नाही, पण एका वेळी एकच बदल करावा, आणि प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता, तोच वेग. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झाले ते कळत नाही.

उंचीबद्दल जुन्या प्रवासी चालकांचा ठोकताळा असा, की नेहमीसारखे बसल्यावर काचेची वरची कड नाकाच्या किंवा हनुवटीच्या रेषेत यावी. रस्ता काचेच्या वरून दिसला पाहिजे, काचेतून नव्हे. कडेवरून उडालेली हवा थोडी आणखी वर जाते, त्यामुळे नाकापर्यंतची काचही हेल्मेटच्या वरून हवा नेऊ शकते. डोळ्यांच्या वर जाणारी काच आम्ही तरी कोणाला सुचवणार नाही. माळशेजच्या धुक्यात आणि पावसात थेंबांनी भरलेल्या काचेतून पाहणे म्हणजे आंधळ्यासारखे चालवणे. हेल्मेटच्या काचेवरचे पाणी बोटाने पुसता तरी येते. रात्री तर समोरच्या ट्रकचा दिवा काचेवरच्या बारीक ओरखड्यांत असा पसरतो की रस्ताच दिसेनासा होतो.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेला उपाय म्हणजे खालची फट. बसवणारा कारागीर सफाई दिसावी म्हणून काच हेडलाइटला अगदी चिकटवून बसवतो. दिसते छान. पण मागच्या कमी दाबाच्या जागेला हवा मिळायला वाट राहत नाही, मग ती वरून भोवऱ्यांनी भरते. काच थोडी पुढे घेऊन खालच्या कडेला दोन-तीन बोटांची फट ठेवली तर थोडी हवा खालून शिरते, मागचा दाब भरून येतो आणि वरचा पट्टा बराच शांत होतो. त्यासाठी लागतात जरा लांब बोल्ट आणि प्रत्येक बोल्टमागे दोन-तीन वॉशर किंवा रबरी बुश. हार्डवेअरच्या दुकानात फारच थोड्या पैशांचे काम. अनेक कंपन्यांच्या महागड्या काचांना खाली भोक किंवा खाच ठेवलेली असते, ती शोभेची नसते.

मग कल. काच उभी केली तर हवा जास्त वर उडते, पण मागे पोकळीही मोठी होते. मागे झुकवली तर हवा कमी उंच उडते पण सुरळीत वाहते. यात सरसकट नियम नाही. एका वेळी अगदी थोडा कल बदलून पाहावे. वरच्या कडेला लावायची वेगळी छोटी पट्टी मिळते. ती मूळ काचेपासून बोटभर अंतरावर राहते आणि मधल्या फटीतून जाणारी हवा वरून येणाऱ्या हवेला सरळ करते. उंची थोडीशीच कमी पडत असेल तर नवी काच घेण्यापेक्षा ही पट्टी पुष्कळदा काम भागवते. पट्टी विकत घेण्याआधी प्लास्टिकच्या जुन्या फाइलचे कव्हर कापून, चांगल्या चिकटपट्टीने घट्ट बसवून, कमी वेगात अंदाज घेता येतो. नजरेच्या आड मात्र ते येऊ देऊ नका.

खालून येणारी हवा ही उंच गाड्यांची खोड. पुढच्या चाकामागून, चिमट्याच्या दोन नळ्यांमधून हवा वर चढते आणि थेट हनुवटीखाली शिरून हेल्मेट उचलते. अशा वेळी कितीही उंच काच लावा, उपयोग होत नाही. चिमट्यांच्या मधे किंवा टाकीच्या दोन बाजूंना लहान पत्रा बसवून हे अडवतात. तेवढे करताना रेडिएटर किंवा ऑइल कूलरची हवा अडत नाही ना, ब्रेकचा पाइप घासत नाही ना, हे मेकॅनिकला दाखवून घ्यावे.

ही धडपड काही आजची नाही. अमेरिकेत क्रेग व्हेटर या डिझायनरने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘विंडजॅमर’ नावाचे, कोणत्याही मोठ्या गाडीवर बसणारे कवच बाजारात आणले आणि लांबच्या प्रवासाची रीतच बदलली. १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूने ‘आर १०० आरएस’ ही गाडी आणली. तिचे कवच वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे मोठ्या पंख्यांनी हवा सोडून तपासण्याच्या जागेत घडवलेले होते. आपल्याकडे याच काळात आकुर्डीच्या कारखान्यातून बजाजची चेतक निघत होती. १९७२ सालची ती स्कूटर आणि तिच्यावर हौसेने लावलेली ती मोठी, अर्धपारदर्शक झालेली, पिवळट काच चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. पुढे उभा राहिलेला मुलगा, मागे अम्मी, तिच्या मांडीवर धाकटी. चेतक पन्नासच्या पुढे क्वचितच जायची, म्हणून त्या काचेचे दोष कोणाला जाणवले नाहीत. आज दीडशे-दोनशे सीसीची साधी गाडीही सहज ऐंशी-नव्वदला जाते, आणि लांबच्या प्रवासाचे चालक वाढले म्हणून बजाजने २०२१ मध्ये आपली डॉमिनार ४०० उंच काचेसह कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली.

आता मागे बसणाऱ्याचे बोलू. या विषयावर जेवढे बोलले जाते त्यात तिचा उल्लेखच नसतो. घुसळणीचा पट्टा मागे जाताना रुंद होतो हे वर सांगितले. म्हणजे चालकाने स्वतःच्या डोक्यावरून पट्टा हटवला की तो बहुतेक वेळा मागच्या सीटवर बसलेल्या बायकोच्या किंवा अम्मीच्या तोंडावर जातो. शिवाय मागची सीट चार-सहा इंच उंच असते. चालक म्हणतो, ‘आता किती आराम आहे!’ आणि मागून उत्तर येत नाही, कारण ऐकूच जात नाही. काच बसवल्यावर पहिल्या चाचणीला त्यांना सोबत न्यावे आणि थांबून विचारावे. त्यांचे हेल्मेट हलत असेल तर दोघांमधले अंतर कमी केल्याने फरक पडतो. मधे बॅग ठेवली की त्या फटीत नवा भोवरा तयार होतो. बॅग टाकीवर किंवा मागच्या कॅरियरवर बांधावी. एका बाजूला पाय सोडून बसण्यापेक्षा दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेले कधीही बरे. एका अंगाने बसलेल्या व्यक्तीला वारा एका बाजूने धरतो आणि समोरून ट्रक सुसाट गेला की गाडीचा तोल हलतो.

ओढणी आणि बुरख्याबद्दल इथे दोन वाक्ये जास्त लिहिली तर चालतील. वाऱ्याचे भोवरे सैल कापडाला मागे आणि खाली खेचतात, म्हणजे थेट चाकाच्या आणि चेनच्या दिशेने. कापड अडकून गळा आवळला गेल्याच्या किंवा बाई रस्त्यावर ओढली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी हवी असे सांगतो, आणि ती जाळी कपडे अडकू नयेत म्हणूनच आहे. आपली पोरे मात्र गाडी घरी आली की पहिल्यांदा तीच काढून टाकतात, कारण गाडी ‘बायकी’ दिसते म्हणे! ती परत लावून घ्या. ओढणी हेल्मेटखाली, जाकिटाच्या आत. बुरख्याचा घेर गोळा करून मांडीखाली दाबलेला, आणि वरून साधे अंगाला बसणारे जाकीट. नकाबचे टोक पिनने पक्के करावे. समोरून येणाऱ्या गाडीच्या झोताने ते डोळ्यांवर उडाले तर मागे बसलेली बाई दचकून हलते, आणि गाडी हलते.

पुढे टाकीवर बसवलेल्या लहान मुलाला ‘काच आहे ना’ म्हणून सुरक्षित समजणारे वडील आम्ही पाहतो. काच त्याच्या अंगावरचा वारा अडवते हे खरे. पण अचानक ब्रेक लागला तर त्याचे तोंड आपटते ते त्याच काचेच्या कडेवर किंवा मीटरवर. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, आणि तेव्हा वेग ४० च्या वर नको, असा नियम २०२२ मध्ये जाहीर झाला आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. चाळिसच्या वेगात वाऱ्याचा प्रश्न तसाही उरत नाही.

काच बसवतो कशावर, हाही जिवाशी संबंध असलेला मुद्दा. हेडलाइटच्या किंवा गाडीच्या सांगाड्याच्या आधाराने, सांगाड्यासोबत स्थिर राहणारी काच वेगळी आणि हँडलला क्लॅम्प लावून बसवलेली मोठी काच वेगळी. दुसऱ्या प्रकारात आडवा वारा काचेला धरतो आणि काच हँडल फिरवते. पुलावर, घाटाच्या वळणावर, दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत हा झटका अचानक येतो. म्हणून हँडलवर बसणारी काच लहानच असावी. बसवल्यावर गाडी उभी ठेवून हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून पाहा. क्लच-ब्रेकच्या केबल ताणतात का? काच टाकीला लागते का? हेडलाइट, इंडिकेटर, पुढची नंबर प्लेट झाकली जाते का? मग ४०, ५०, ६० असा वेग टप्प्याटप्प्याने वाढवा. हलक्या हाताने धरलेले हँडल कोणत्याही वेगाला थरथरू लागले तर ती काच त्या गाडीची नव्हे. हळूहळू वेग कमी करा, थांबा आणि काच काढा.

साहित्य दोन प्रकारचे. ऍक्रिलिक स्वच्छ दिसते, लवकर ओरखडत नाही, पण आपटले तर तडकते आणि त्याचे टोकदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट चिवट असते, दगड लागला तरी सहसा फुटत नाही, मात्र त्यावर ओरखडे लवकर पडतात, म्हणून वर कडक थर दिलेले घ्यावे. शहाडच्या पलीकडे उल्हासनगर, आणि उल्हासनगरात काय बनत नाही! दुकानांच्या पाट्या करणारे कारागीर ऍक्रिलिकची पत्री तापवून हव्या त्या बाकाची काच करून देतात आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरही पर्याय पुष्कळ सापडतात. चाचणीपुरते ठीक आहे. पण रोजच्या वापराला, तुमच्या गळ्यापासून हातभर अंतरावर, तडकणारी पत्री आम्ही ठेवणार नाही. कड गोल घासलेली असावी, बोट फिरवून पाहा. पुसताना भरपूर पाणी आणि मऊ कापड. पेट्रोल, रॉकेल किंवा घरच्या काचा पुसायचा अमोनियाचा फवारा लागला की पॉलिकार्बोनेट धुरकट होते, त्याला बारीक चिरा पडतात.

काही वाऱ्याला मात्र कोणतीच काच पुरत नाही. ट्रकच्या किंवा कंटेनरच्या मागे चाललात तर संपूर्ण गाडीच घुसळणीत असते. तिथे उपाय एकच, अंतर वाढवा. ओलांडताना ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताच बाजूचा वारा एकदम लागतो, हे आधीच मनात धरून हँडल घट्ट पण कोपर सैल ठेवा.

शहाडहून कल्याण, भिवंडी, डोंबिवली एवढेच रोजचे फिरणे असेल तर आमचे प्रामाणिक मत, काचेवर पैसे घालू नका. तेच पैसे नीट बसणाऱ्या, आयएसआय खुणेच्या बंद हेल्मेटवर खर्च करा, दोघांसाठी दोन. ढिले हेल्मेट सरळ वाऱ्यातही डुगडुगते आणि लोक त्याचा दोष काचेला देतात. हेल्मेट घालून मान जोरात हलवा. हेल्मेट डोक्यासोबत फिरले पाहिजे, डोक्यावर नव्हे. हनुवटीखाली लावायचा कापडी पडदा मिळतो, त्याने खालून शिरणारी हवा आणि आवाज दोन्ही कमी होतात.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये मुरबाडच्या रस्त्यावर अंगाला लागणारा वारा हाच काय तो दिलासा असतो. तेव्हा काचेमागे इंजिनाची धग आणि घामाशिवाय काही मिळत नाही. काच अशी घ्यावी की चार बोल्ट सोडले की निघेल. आम्ही मार्चअखेर काढतो, जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवतो. बोल्ट आणि वॉशर एका डबीत, डबी काचेलाच बांधलेली, कारण पहिला पाऊस पडला की घरात सगळे सापडते, ते वॉशर तेवढे सापडत नाहीत.